आधी ‘सांगत्ये ऐका’, मग ‘मी, दुर्गा खोटे’

तुमच्या वाचनगटाचा पेच मला समजला तो असा. पुढच्या बैठकीसाठी जुन्या काळच्या दोन चित्रपट-नट्यांची आत्मचरित्रं निघाली आहेत, हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ आणि दुर्गा खोट्यांचं ‘मी, दुर्गा खोटे’. वेळ एकाच पुस्तकापुरता आहे. गटातल्या निम्म्या जणी म्हणतात की दुर्गाबाईंनी स्वतः लिहिलंय, हंसाबाईंचं मात्र एका पत्रकाराने शब्दांकन केलंय, त्यामुळे खरं आत्मचरित्र म्हणायचं तर दुर्गाबाईंचंच. दुसरी धास्ती अशी की गटात सत्तरी ओलांडलेल्या बायका आहेत आणि हंसाबाईंच्या पुस्तकातले काही प्रसंग त्यांच्यासमोर बोलायला अवघड जातील.

मी अनेक वर्षं आत्मचरित्रांचं संपादन आणि शब्दांकन करते आहे. त्या अनुभवावरून सांगते, हंसाबाईंचं पुस्तक घ्या. दुर्गाबाईंचं त्यानंतर घ्या, पण जरूर घ्या. हा क्रम उलटा करू नका. तो का, हेच मला मुख्यतः सांगायचं आहे. त्याआधी शब्दांकनाचा मुद्दा निकालात काढू, कारण त्यावर फार गैरसमज आहेत.

‘सांगत्ये ऐका’ हंसाबाईंनी अरुण साधूंना सांगितलं. ते आधी ‘माणूस’ या नियतकालिकात आलं आणि 1970 साली पुस्तकरूपाने निघालं. साधू तेव्हा तरुण पत्रकार होते. ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्या त्यानंतरच्या, सत्तरच्या दशकातल्या. आता तुम्ही एक करून बघा. साधूंच्या कादंबरीतली पाच-सहा पानं वाचा आणि मग हे पुस्तक उघडा. साधूंची वाक्यं शहराचा, सत्तेचा, माणसांच्या हिशेबांचा मागोवा घेत जातात. इथे त्यांचा मागमूस नाही. इथे एक बाई बोलते आहे. ती मध्येच दहा वर्षं मागे जाते, एखाद्या माणसाची ओळखच करून देत नाही, कारण तिच्या लेखी तो कोण हे सगळ्यांना ठाऊकच असतं. मोठी घटना ती दोन ओळींत उरकते आणि क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीपाशी रेंगाळते. शब्दांकन करणाऱ्याने स्वतःची हुशारी दाखवायची ठरवली असती तर सगळ्यात आधी हेच सरळ केलं असतं. साधूंनी ते केलं नाही, ही त्यांची मोठी कामगिरी आहे.

सांगितलेलं आत्मचरित्र अस्सल आहे की नाही हे ओळखायला मी एकच गोष्ट बघते. सांगणाऱ्याच्या विरोधात जाणारा मजकूर त्यात किती शिल्लक आहे? माणूस बोलताना बेसावध असतो. लिहिताना तो खोडतो, सावरतो, नातेवाइकांना काय वाटेल याचा विचार करतो. माझ्याकडे शब्दांकनासाठी आलेल्या एका बाईंनी ध्वनिमुद्रणात आपल्या सासूबद्दल भरभरून सांगितलं होतं, चांगलंही आणि वाईटही. टंकलिखित प्रत हातात पडल्यावर त्यांनी वाईट तेवढं काढायला लावलं. उरलं ते खोटं नव्हतं, पण सासू मात्र पुस्तकातून नाहीशी झाली होती. हंसाबाईंनी असं काढायला लावलेलं दिसत नाही. दारू, पुरुष, मुलीला मागे ठेवून निघून जाणं, काम मिळालेलं असताना ते हातचं घालवणं, सगळं त्यांच्या स्वतःच्या तोंडून येतं. त्याबद्दल त्या कुणाची माफी मागत नाहीत आणि स्वतःला शूर म्हणवूनही घेत नाहीत. म्हणून ‘स्वतः लिहिलेलं ते अस्सल’ हा निकष इथे लावू नका. स्वतः लिहिलेल्या पुस्तकात माणूस अधिक झाकला जाण्याचाच संभव जास्त असतो.

आता पुस्तकांकडे. दोघी एकाच धंद्यातल्या, दोघींनी ‘प्रभात’ या चित्रपट कंपनीत काम केलं, वयात जेमतेम पिढीचं अंतर. पण त्या धंद्याच्या दाराशी दोघी अगदी वेगळ्या बाजूंनी उभ्या होत्या.

दुर्गाबाई माहेरच्या विठा लाड. गिरगावातल्या कांदेवाडीचं सुखवस्तू, मूळचं गोव्याकडचं घर. कॅथेड्रलमध्ये शाळा, मग सेंट झेवियर्स. लग्न खोट्यांच्या तितक्याच नावाजलेल्या घरात. पुढे सासरची आर्थिक स्थिती ढासळली, पदरात दोन मुलं, आणि त्या मिळकतीसाठी बाहेर पडल्या. 1931 सालच्या ‘फरेबी जाल’मध्ये त्यांनी लहानशी भूमिका केली आणि एकच गहजब झाला. जाहिरातीत त्यांच्या घराण्याचं नाव वापरलं गेलं होतं, कारण खानदानी घरातली शिकलेली बाई पडद्यावर येणं हीच मुळी त्या काळी विकण्याजोगी गोष्ट होती. चित्रपट पडला, नाचक्की झाली. तिथेच हा विषय संपायचा, पण व्ही. शांतारामांनी त्यांना तारामतीच्या भूमिकेसाठी विचारलं आणि 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ आला. मराठीतला हा पहिला बोलपट. हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे. ‘प्रभात’ तेव्हा कोल्हापुरात होती, पुण्याला यायला अजून वर्ष होतं.

या भागासाठी दुर्गाबाईंचं पुस्तक अमोल आहे. बोलपट नुकते सुरू झाले होते. पार्श्वगायनाची सोय नव्हती, नटाने बोलायचं, गायचं आणि अभिनय करायचा तो एकाच वेळी. नुकताच नाटकातून सिनेमात आलेला नट आणि दोन्हींचा फारसा अनुभव नसलेली एक इंग्रजी शाळेत शिकलेली मुलगी एकाच चौकटीत उभे राहतात, तेव्हा कोण कुणाकडून काय शिकतं हे समजून घ्यायचं तर हे पुस्तक हवंच. पुढे 1936 च्या ‘अमर ज्योती’तली सौदामिनी, म्हणजे सूडाने पेटलेली समुद्रावरची लुटारू बाई. मग एकाच कंपनीच्या पगारावर बांधून न घेता वेगवेगळ्या कंपन्यांत काम करायचा त्यांचा निर्णय. तेव्हा नटनट्या महिन्याच्या पगारावर असत, कंपनी सांगेल तो चित्रपट करत. तो रिवाज मोडणाऱ्या पहिल्या काही जणांत दुर्गाबाई होत्या. मग मुंबई मराठी साहित्य संघाची नाटकं, ‘भाऊबंदकी’तली आनंदीबाई, आणि पुढच्या पिढीला ठाऊक असलेली ‘मुघल-ए-आझम’मधली जोधाबाई. एवढा मोठा पल्ला असलेली दुसरी नटी त्या पिढीत शोधून सापडणार नाही. पुस्तक 1982 चं आहे, त्यामुळे दादासाहेब फाळके पुरस्कार आणि त्यांच्या संस्थेने दूरदर्शनसाठी केलेली ‘वागळे की दुनिया’ या पुढच्या गोष्टी त्यात शोधू नका.

दुर्गाबाई लिहितात त्या सत्तरी ओलांडल्यावर. आयुष्याचा हिशेब लागलेला आहे, मानसन्मान झाले आहेत, माणसं गेली आहेत. मुलगा हरिन तरुण वयातच गेला. दुसरं लग्न झालं, तेही टिकलं नाही. हे सगळं पुस्तकात आहे, पण त्यांचा हात आखडता आहे. मला हा आखडतेपणा दोष वाटत नाही. ज्या बाईच्या घराण्याचं नाव पहिल्याच चित्रपटाच्या जाहिरातीत बाजारात मांडलं गेलं, तिने पुढे आयुष्यभर किती सांगायचं आणि किती नाही हे स्वतःच्या हातात ठेवलं, तर ते समजण्यासारखं आहे. पण गटात चर्चा करायला बसलात की या संयमाशी तुमची गाठ पडेल. नवख्या वाचकाला अशी पानं सपाट वाटतात. तिथे काय थोपवलं आहे ते दिसायला आधी दुसरी बाजू माहीत असावी लागते.

दुसरी बाजू म्हणजे हंसाबाई. मूळ नाव रतन साळगावकर. घराण्यात कलावंतिणींची परंपरा. 1936 च्या ‘विजयाची लग्ने’मधून त्या चित्रपटात आल्या तेव्हा पोरवयातच होत्या. घराला पैसा हवा होता आणि मुलगी गाणारी, नाचणारी होती. दुर्गाबाईंच्या बाबतीत मुंबईभर झाला तसला कसलाही गहजब इथे झाला नाही. हिच्या घरातली मुलगी सिनेमात गेली यात कुणाला नवल वाटलं नाही. आडनावदेखील साळगावकर राहिलं नाही, वाडकर हे नाव पडद्यासाठी घेतलेलं.

मग बॉम्बे टॉकीज, ‘प्रभात’ची ‘संत सखू’ 1941 मध्ये, आणि 1947 मध्ये ‘लोकशाहीर रामजोशी’, ज्याने त्यांचं नाव घराघरांत पोचवलं. याच काळात आत काय चाललं होतं हे पुस्तक सांगतं. लग्न झालं ते त्यांच्याहून वयाने बऱ्याच मोठ्या माणसाशी. हंसाबाईंची एकच आस होती की लग्न झालं, आता काम सोडायचं, चार बायकांसारखं घर करायचं. ते होऊ दिलं गेलं नाही, कारण घर चालत होतं ते त्यांच्या कमाईवर. सासुरवास सोसणाऱ्या सखूची भूमिका करणाऱ्या या बाईला स्वतःला सून म्हणून नांदायचं होतं आणि तेवढंच तिला मिळत नव्हतं. पुस्तकाचा हा कणा आहे. एकदा तो हाताला लागला की पुढचे सगळे प्रसंग, अगदी वेडेपणाचे वाटणारेही, जागेवर बसतात.

त्यातला सगळ्यात मोठा प्रसंग मराठवाड्यातला. नावारूपाला आलेली ही नटी जोशी नावाच्या एका माणसाबरोबर सगळं सोडून निघून जाते. खेड्यात गेल्यावर कळतं की घरात आधीच्या बायका आहेत. आणि तरी ती तिथे राहते, तीनेक वर्षं, घराबाहेर पडायची मुभा नसलेली, घरकामाला जुंपलेली. वाचक चक्रावतो, की हिने असं का केलं? पण आधीची पानं नीट वाचली असतील तर कळतं की ज्या घरासाठी जीव तळमळत होता ते हेच, कसलंही असलं तरी घर. तिथून सुटका होते ती नवऱ्याला निरोप पोचल्यावर, आणि त्या सुटकेच्या वाटेवरच एक न्यायदंडाधिकारी तिच्यावर बलात्कार करतो. जो सोडवायचा त्यानेच हे केलं. हंसाबाई हा प्रसंग आरडाओरडा न करता सांगतात. मी आत्मचरित्रांची इतकी हस्तलिखितं हाताळली आहेत, पण या पानांपाशी अजूनही थांबते.

तर दुर्गाबाईंना या धंद्यात शिरण्यासाठी झगडावं लागलं आणि हंसाबाईंना त्यातून बाहेर पडता आलं नाही. दार एकच, प्रश्न दोन. माझ्या क्रमाचं कारण इथे आहे. तुम्ही आधी दुर्गाबाई वाचल्यात तर मनात एक मापदंड तयार होतो: बुद्धिमान, कर्तबगार, तोल सांभाळून राहिलेली बाई. मग हंसाबाईंचं पुस्तक हाती घेतलंत की नकळत तोच मापदंड लावला जातो आणि चर्चा ‘यांनी स्वतःला सावरायला हवं होतं’ या वाक्यावर येऊन अडकते. मी अशा बैठकी पाहिल्या आहेत, त्यांत पुढे कुणीच काही नवं बोलत नाही. आधी हंसाबाई वाचल्यात तर ‘मी, दुर्गा खोटे’ वाचताना तुमचं लक्ष वेगळ्याच गोष्टींवर जाईल. मागे उभं राहणारं माहेर होतं का? करार वाचता येत होता का? मिळालेला पैसा कुणाच्या हातात जात होता? नाही म्हणायची सोय होती का? मग दुर्गाबाईंचं धैर्य लहान होत नाही, उलट त्यांनी हातातल्या बळाचा किती नेटका उपयोग केला ते दिसतं. आणि हंसाबाईंना काय मिळालंच नव्हतं तेही.

आता तुमच्या दुसऱ्या धास्तीबद्दल. वयस्क बायकांना अवघड वाटेल असं तरुण सभासदांना नेहमी वाटतं. माझा अनुभव अगदी उलटा आहे. या पुस्तकावर सगळ्यात मोकळं बोलतात त्या साठी-सत्तरीच्या बायका. त्यांनी ‘बुगडी माझी सांडली गं’ लहानपणी ऐकलेलं असतं. ज्या चित्रपटातलं ते गाणं, आणि ज्यावरून हंसाबाईंनी पुस्तकाला नाव घेतलं, तो 1959 चा अनंत मान्यांचा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंदला अडीच वर्षांच्या आसपास चालला होता. एखादीच्या आईने तो किती वेळा पाहिला होता, वडिलांनी पाहू दिला नव्हता, तमाशापटांना घरातल्या बायकांनी जायचं की नाही यावर कशी भांडणं व्हायची, हे सगळं निघतं. त्या बायकांना हंसाबाईंचं जग ऐकीव का होईना माहीत असतं, धक्का बसतो तो तरुणींना.

तरीही काळजी घ्या. पुस्तकात लैंगिक अत्याचार आहे, हे पुस्तक वाटतानाच सगळ्यांना स्पष्ट सांगून टाका, म्हणजे कुणी बेसावध सापडणार नाही. तो भाग बैठकीत मोठ्याने वाचायचा नाही, एवढा नियम करा. आणि कुणाला ती पानं सोडायची असतील तर सोडू द्या, कारण विचारू नका. बारा-पंधरा बायका जमतात तिथे एखादीची स्वतःची काही आठवण असू शकते.

‘भूमिका’ आधी पाहू नका, ही माझी आग्रहाची विनंती. श्याम बेनेगलांचा 1977 चा हा चित्रपट ‘सांगत्ये ऐका’वरून केलेला आहे, स्मिता पाटीलला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि चित्रपट खरोखर थोर आहे. पण तो बेनेगल, गिरीश कर्नाड आणि सत्यदेव दुबे यांनी रचलेली, उषा नावाच्या नायिकेची गोष्ट आहे. त्यातला काळे हा जमीनदार, त्याची अंथरुणाला खिळलेली बायको, ते घर, हे सगळं पटकथेच्या गरजेने घडवलेलं आहे. पुस्तकातलं घर तसं नाही. चित्रपट आधी पाहिला की स्मिताचा चेहरा आणि तिचं ते शांत, आत वळलेलं दुःख पुस्तकावर पसरतं. हंसाबाईंचा आवाज तसा नाही. त्यांच्यात रांगडेपणा आहे, हट्ट आहे, मध्येच फटकळ विनोद आहे. तो ऐकू यायला हवा असेल तर चित्रपट बैठकीनंतरच ठेवा.

काही परिस्थितींत मी उलट सल्ला देईन. तुमचा गट नाटकवाल्यांचा असेल, किंवा एखादी मुलगी चित्रपटाच्या इतिहासाचा अभ्यास करत असेल आणि तिला एकच पुस्तक वाचायला वेळ असेल, तर दुर्गाबाईच. बोलपटाच्या पहिल्या वर्षांपासून 1980 पर्यंतचा काळ एका शहाण्या, आतल्या माणसाच्या नजरेतून मिळतो. हंसाबाईंच्या पुस्तकात चित्रीकरणाच्या तपशिलांची अपेक्षा ठेवलीत तर हाती थोडंच लागेल. कामाबद्दल त्या तुटकच बोलतात, कारण त्यांच्या लेखी ते काम म्हणजे घर चालवण्याचं साधन होतं. हा तुटकपणाही बोलका आहे, पण अभ्यासाला तो पुरत नाही.

परदेशातून जोडल्या जाणाऱ्या, मराठी सराईतपणे न वाचणाऱ्या मुलीबाळी गटात असतील तर दोन्ही पुस्तकं इंग्रजीत उपलब्ध आहेत. दुर्गाबाईंचा अनुवाद शांता गोखल्यांनी केला आहे, त्यामुळे त्याबद्दल चिंता नको. हंसाबाईंचा जसबीर जैन आणि शोभा शिंदे यांचा आहे. अनुवादात प्रसंग सगळे पोचतात, पण हंसाबाईंच्या बाबतीत बोलण्याचा बाज हीच मुळी अर्धी गोष्ट आहे. म्हणून बैठकीत कुणीतरी सुरुवातीची काही पानं, कोकणातल्या त्या घरातल्या बायकांबद्दलची, मराठीतून मोठ्याने वाचावीत. ऐकणारीला शब्द न् शब्द कळला नाही तरी चालेल.

पुस्तक लहान आहे, दोन संध्याकाळींत होतं. म्हणून सगळ्यांना दोनदा वाचायला सांगा. पहिल्यांदा सलग, दुसऱ्यांदा पेन्सिल हातात घेऊन, फक्त पैशाचा उल्लेख जिथे जिथे येतो तिथे खूण करत. कुणी कमावला, कुणी घेतला, कुणी खर्च केला. एवढ्या एका धाग्यावर तुमची दोन तासांची बैठक सहज होईल, आणि पुढच्या महिन्यात दुर्गाबाईंचं पुस्तक उघडाल तेव्हा हीच खूण तिथेही करता येईल.

दोन्ही झाली आणि गटाला अजून हवं असेल तर तिसरं पुस्तकही सांगून ठेवते. विजया मेहतांचं ‘झिम्मा’, 2012 चं. विजयाबाईंचं पहिलं लग्न हरिन खोट्यांशी झालं होतं, म्हणजे त्या दुर्गाबाईंच्या सून. हरिन गेले तेव्हा विजयाबाईंच्या पदरात दोन लहान मुलगे होते. दुर्गाबाईंनी आईच्या नात्याने जे घर आणि जो मृत्यू लिहिला, तोच विजयाबाईंच्या पुस्तकात पत्नीच्या बाजूने येतो. दोन्ही पुस्तकांतली ती पानं शेजारी ठेवून वाचा.